सर्वात पुढच्याची हजेरी

साखर कारखान्याने उसातली हुमणी कीड खायला नेमलेले बेडूक नवव्या वर्षी लातूरच्या पुढे गेले, आणि ते जिथवर गेले तिथवर कारखान्याचं कार्यक्षेत्र वाढलं. रोज सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला हिंदुराव मगदूम सर्वात पुढच्या बेडकापाशी उभे राहून हजेरी घेत. उभे राहून हे आपलं बोलायचं म्हणून. प्रत्यक्षात उभं राहायला सवड नसे. चालता चालता मस्टर उघडायचं, कोपरावर धरायचं आणि पेन्सिलीने खुणा करायच्या. पेनाची शाई चालत्या हाताला धड उतरत नाही, हे हिंदुरावांना दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.

हिंदुराव मूळचे कोल्हापूरकडचे, कारखान्याच्या शेती खात्यातले कारकून. वय सत्तेचाळीस. त्यांना घरी जायचं होतं. नऊ वर्षांपूर्वी शालनला, म्हणजे बायकोला, ते आठ दिवसांत येतो म्हणून सांगून निघाले होते आणि अंगणातल्या हौदाला अर्धाच गिलावा झाला होता. उरलेला अर्धा त्यांना अजून स्वप्नात दिसे.

दोष कुणाला द्यावा तर तो त्यांचा त्यांनाच द्यावा लागे. त्या साली उसाला हुमणी फार लागली. मुळं खाऊन अख्खी रानं आडवी झाली. संचालक मंडळाने कुठूनसे परदेशी जातीचे पाचशे बेडूक मागवले. चांगले ओंजळभर एकेक, अंगावर फोड, खांद्यावर विषाच्या गाठी. वार्षिक सभेत विषय क्रमांक चौदा आला. चेअरमनना शेजारच्या कारखान्याच्या हद्दीतला ऊसही हवा होता, तेव्हा ठरावात त्यांनी तीन कलमं घातली होती. एक, बेडूक जिथवर हजर असतील तिथवर आपलं कार्यक्षेत्र समजावं. दोन, हजेरी सर्वात पुढच्यापासून घ्यावी आणि जो पुढे असेल त्याचं नाव पहिलं लिहावं. तीन, हजेरी घेणाऱ्याने बदली माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत सर्वात पुढच्याची साथ सोडू नये.

आता सहकारी साखर कारखान्याच्या सभेत ठराव पूर्ण वाचून होईपर्यंत कोण थांबतं? मांडवाच्या मागच्या बाजूला बुंदी पडत होती आणि मसालेभाताचं झाकण निघालं होतं. हिंदुराव बरोबर तिथेच उभे होते. वाचणाऱ्याने 'विषय क्रमांक चौदा' एवढं म्हणायचा अवकाश, त्यांनी हात वर करून सगळ्यांच्या आधी आरोळी ठोकली, "मंजूर!" मग सगळा मांडव मंजूर, मंजूर म्हणाला. चेअरमननी माईकवरून विचारलं, मागून पहिलं मंजूर कोण म्हणालं, फार उत्साही दिसतोय. दुसऱ्या दिवशी मस्टर हिंदुरावांच्या हातात होतं.

बेडकांनी हुमणी खाल्ली नाही. भुंगेरे कडुनिंबावर आणि बाभळीवर, अळ्या जमिनीत वीतभर खाली. बेडकांना झाडावर चढता येईना आणि माती उकरता येईना. हे आधी कुणी पाहिलं नव्हतं, कारण तो विषय क्रमांक पंधरा होता आणि तोवर पानं मांडली गेली होती. मग बेडकांनी मिळेल ते खायला सुरुवात केली आणि एकेका मादीने तीस-तीस हजार अंडी घातली. जागा पुरेना. काही निघाले.

पहिले काही आठवडे ते शेजारच्या गावापर्यंतच गेले. हिंदुराव सायकलवरून जाऊन हजेरी घेत आणि जेवायला घरी येत. शालन म्हणे, बरं काम लागलंय. पण यात एक गोष्ट होती ती कुणाच्या ध्यानात आली नाही. जे बेडूक पुढे पोचले ते लांब पायांचे होते, म्हणूनच ते पोचले होते. तिथे त्यांच्या लग्नाला दुसरं कुणी नव्हतं, लांब पायांच्याच माद्या होत्या. त्यांची पोरं आणखी लांब पायांची निघाली. त्यातली जी सर्वात पुढे गेली त्यांचं पुन्हा आपसातच जमलं. चौथ्या वर्षी बेडूक दुप्पट वेगाने आणि नाकासमोर सरळ चालू लागले. विहीर आली तर काठाने वळसा घेऊन पुन्हा त्याच ओळीत येत. बेडूक खरं तर रात्री हिंडणारा प्राणी, पण पाळी सकाळी आठची. ज्यांना सकाळ जमली नाही त्यांची गैरहजेरी लागली आणि तीन गैरहजेऱ्यांनंतर नाव कमी झालं. उरले ते उन्हातून चालणारे.

आघाडी गेली तिथलं सगळंच बदलत गेलं. मोठ्या तोंडाच्या सापांनी बेडूक गिळले आणि ते मेले. लहान तोंडाच्यांना बेडूक गिळता आला नाही, ते जगले. आता सोलापूरपासून मागे सगळे साप लहान तोंडाचे आहेत. शेती खात्यातही याच सुमारास तसंच काहीसं झालं, पण तो वेगळा विषय. कावळे बेडकाला उताणा पाडून नुसतं पोट खायला शिकले. कुत्री एकदा चाटून फेस येईपर्यंत पळाली आणि पुन्हा जवळ आली नाहीत.

हिंदुरावांच्या बाबतीत सांगायचं तर त्यांची विजार आखूड झाली. पाचव्या वर्षी घोट्याच्या वर आली, सातव्या वर्षी चार बोटं वर. बार्शीच्या शिंप्याने नवी शिवून दिली, तीही पुढल्या दिवाळीला अपुरी पडली. शिंपी म्हणाला होता कापड आटतं. पण कापड मांडीला ढिलं आणि लांबीलाच कसं आटतं, हे त्याने सांगितलं नाही.

बेडकांची बोली हजेरी ऐकून ऐकून तयार झालेली, त्यामुळे ती कार्यालयीन होती. सध्या सर्वात पुढे एक मादी होती. हिंदुराव तिला बाई म्हणत. बाईची पाठ धरलेली होती. आघाडीच्या सगळ्यांचीच धरते, मणके झिजून एकमेकांत अडकतात.

"बाई," हिंदुरावांनी एकदा अगदी काकुळतीला येऊन विचारलं, "तुमी एक दिवस थांबला तर न्हाई का चालनार? तुमची पाठ दुखती, माझे गुडघे दुखत्यात. एक दिवस. मी बसून भाकरी खाईन."

"आपल्या विनंतीचा विचार केला," बाई उडी मारता मारता म्हणाली. "मी थांबल्यास मी पुढची राहणार नाही. मागून क्रमांक दोन पुढे येईल आणि आपणास त्याच्याबरोबर जावे लागेल. पुढचा कधी थांबत नाही, साहेब. थांबलेला पुढचा राहत नाही."

हे हिंदुरावांनी पुष्कळ वेळा घोळवून पाहिलं. त्यात कुठेही फट नव्हती. त्या दिवशी ते चालता चालता रडले. नऊ वर्षांत तेवढं एकदाच.

नियम किती कडक होता ते शेळीच्या वेळी दिसलं. बार्शीच्या अलीकडे एक शेळी चरता चरता आघाडीच्या पुढे निघाली आणि चार दिवस पुढेच राहिली. कलम दोनप्रमाणे हिंदुरावांना तिचं नाव पहिलं लिहावं लागलं. शेळीची मालकीण, गोदाबाई नावाची म्हातारी, काठी घेऊन धावत आली.

"माज्या शेळीचं नाव का म्हून लिवतूस रं?"

"पुढं हाय ती, म्हातारे. पुढं असंल त्याचं लिवायचं."

"आन् तिला काय देनार?"

"काय न्हाई. पण ती जाईल तिथवर ऊस आमचा."

"ऊस कुटं हाय हितं? ज्वारी हाय," म्हातारी म्हणाली.

"ज्वारी असली तरी कार्यक्षेत्र आमचंच," हिंदुराव म्हणाले, आणि त्यांना स्वतःच्या आवाजात चेअरमनचा आवाज ऐकू आला. पाचव्या दिवशी शेळी एका बोरीपाशी थांबली आणि तिचं नाव आपोआप कमी झालं.

बदली माणूस नेमला गेला नव्हता असं नाही. दुसऱ्या वर्षी बाळासाहेब खोत नावाच्या कारकुनाला हुकूम मिळाला. पण चार्ज म्हणजे सगळ्या मालाचा चार्ज. मागच्या पहिल्या बेडकापासून मोजत मोजत, पायी, पुढच्यापर्यंत यायचं आणि आकडा टाकून सही करायची. खोत तिसऱ्या गावात अडकले. आज मोजलेले बेडूक उद्या दुप्पट होत, परवा त्यांचीच भावंडं त्यांना खाऊन निम्मे होत. मागे राहिलेल्यांची ती तऱ्हाच झाली होती. पाय आखूड, पोट मोठं, आणि डबक्यातल्या मोठ्या बेडूकमाशांनी शेजारची अंडी फस्त करायची. खोतांनी आधी तिथे खोली घेतली, मग गावात सोयरीक जमवली. त्यांचेही पाय आखूड झाल्याचं ऐकिवात होतं.

रोज संध्याकाळच्या हजेरीनंतर हिंदुराव शालनला फोन करत.

"आज कुठं?" शालन विचारी.

हिंदुराव गावाच्या पाटीवरचं नाव वाचून सांगत. ती ते कॅलेंडरवर लिहून ठेवी. मग हौदात बसलेल्या बेडकांबद्दल बोलणं होई. गिलावा नसलेल्या अर्ध्या भागात सतरा बेडूक राहायला आले होते आणि काही केल्या हलत नव्हते.

"हितली हालत न्हाईत आन् तितली थांबत न्हाईत," शालन एकदा म्हणाली. "आमच्या नशिबाला मधलं कोन न्हाईच व्हय?"

 हिंदुराव फोन कानाला लावून चालत राहिले आणि शालनला नुसता त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी शालन कारखान्याच्या ऑफिसात गेली. शेती अधिकारी सूर्यवंशी साहेबांपुढे तिने अर्ज ठेवला. बदली माणूस म्हणून तिलाच पाठवावं.

"बाई माणसाला आघाडीवर पाठवायची पद्धत नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, सगळ्यात पुढं आत्ता कोन हाय?"

साहेबांनी हजेरीची ताजी वर्दी फाईलमधून काढून पाहिली. "मादी आहे."

"मग?" शालन म्हणाली.

साहेबांनी पुन्हा वर्दी वाचली, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचली आणि सही केली.

शालनने सतरा बेडकांना हौद सोपवला, दाराला कुलूप लावलं आणि निघाली. हिंदुरावांना हे फोनवरून कळलं तेव्हा त्यांनी तिला परोपरीने सांगून पाहिलं. खोत सहा वर्षांत तीन गावं आले, तू कुठवर येशील? पण रोज संध्याकाळी ती नवीनच गावाचं नाव सांगू लागली. आता तेही विचारत, आज कुठं? जत. मंगळवेढा. सोलापूर. दोघांच्या गावांमधलं अंतर रोज थोडं कमी होई, आणि हिंदुरावांच्या छातीत अशी धडधड होई की बाईने एकदा मागे वळून विचारलं, "आपली प्रकृती ठीक आहे ना?"

"माझी बायको यायलीय," हिंदुराव म्हणाले.

"नोंद घेतली," बाई म्हणाली.

चौदा महिन्यांनी, एका सकाळी आठची हजेरी संपता संपता, मागच्या बांधावरून शालन येताना दिसली. नऊवारीचा काष्टा घट्ट, डोक्यावर गाठोडं, हातात खोतांचं जुनं मोजणीचं पुस्तक. ती धावत नव्हती, तरी भराभर जवळ येत होती. हिंदुरावांना थांबता येईना आणि मागे जाता येईना. ते पुढे चालत, मान वळवून तिच्याकडे बघत राहिले, आणि दोनदा ढेकळात अडखळले.

"अवो, पुढं बगून चाला की," ती जवळ येऊन म्हणाली. नऊ वर्षांनंतरचं तिचं समोरासमोरचं हे पहिलं बोलणं.

"शालन," ते म्हणाले.

"तुमचं पाय केवडं झाल्यात वो! करकोच्यागत."

हिंदुरावांनी तिच्या साडीकडे पाहिलं. ती घोट्यापासून चांगली वीतभर वर होती. तिनेही खाली पाहिलं. "धुऊन धुऊन आटलं आसंल," ती म्हणाली.

चालता चालता तिने गाठोडं सोडलं आणि भाकरी, खर्डा नि झुणका त्यांच्या हातावर ठेवला. भाकरी चौदा महिन्यांपूर्वीची असणं शक्य नव्हतं. वाटेतल्या कुणाच्या तरी चुलीवर ती पहाटे थापून आली होती. हिंदुरावांनी पहिला घास खाल्ला आणि त्यांना हौद दिसला, अंगण दिसलं, सगळं दिसलं.

"पण मोजनी?" त्यांना एकदम आठवलं. "आकडा टाकल्याबिगर चार्ज हुईत न्हाई."

शालनने मोजणीचं पुस्तक उघडून दाखवलं. खोतांची अडीच पानं भरून खाडाखोड होती. त्याखाली तिच्या अक्षरात प्रत्येक गावापुढे एकच शब्द होता, असंख्य. आणि समोर सही.

"असं चालतंय?"

"साहेबास्नी फोन करून इचारलं. म्हनालं, आकड्याच्या रकान्यात काय तरी लिवल्यालं पायजे. मग लिवलं की."

खोत गेली सहा वर्षं जे मोजत होते ते एका शब्दात बसत होतं, हे हिंदुरावांना कुठेतरी टोचलं. पण ते शालनचा नवरा असल्याने त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही.

साडेअकराला चार्ज झाला. हिंदुरावांनी मस्टर, पेन्सिल, शिट्टी आणि छत्री दिली. शालनने चार ठिकाणी सह्या केल्या. बाईने साक्षीदार म्हणून पुढचा उजवा पाय शालनने आणलेल्या शाईत बुडवून उमटवला.

"आता तुमी मोकळं," शालन म्हणाली. "ह्यो बांध धरून मागं फाट्याव जावा. तितनं यष्टी मिळंल. किल्ली ह्या पिशवीत हाय. हौदाचं तेवडं बगा. आन् जेवत जावा येळंवर."

"आन् तू?"

"मी हितं हाय न्हवं. कोन तरी आलं बदलीला की येतो मी."

दोघांनाही ठाऊक होतं की कुणी येणार नाही. आपल्याला सोडवायला ती अडकायला आली आहे हे हिंदुरावांना आत्ता, किल्ली हातात घेताना, लख्ख कळलं, आणि त्यांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण ती चालत होती. त्यांनी किल्ली खिशात टाकली. बाईला नमस्कार केला. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पश्चिमेकडे तोंड फिरवलं.

आधी बसून घ्यावं म्हणून ते बांधावरच्या लिंबाखाली टेकले. बूड टेकलं, पण पाय चालतच राहिले. टाचांनी मातीत दोन चर पडले. त्यांनी मांड्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या, तर हातच खाली-वर होऊ लागले. बसून चालण्यापेक्षा चाललेलं बरं म्हणून ते उठले आणि फाट्याच्या दिशेने निघाले. दहा पावलं झाली. अकराव्याला वाटेत एक बाभूळ आली. तिला वळसा घालून ते पुन्हा सरळ लागले, आणि समोर पाहतात तो शालनची पाठ. त्यांनी पुन्हा तोंड फिरवलं. पुन्हा दहा पावलं, पुन्हा काहीतरी आडवं आलं, आणि वळसा संपला तो पूर्वेलाच. तिसऱ्या खेपेला तर आडवंही काही आलं नाही.

खिशात किल्ली वाजत होती. तिच्याकडे लक्ष न देता पाय भराभर पडत गेले. ते शालनच्या बाजूने गेले, क्रमांक दोनच्या बाजूने गेले, मग बाईच्याही. बाईने थोडं सरकून वाट दिली.

बारा वाजले. शालनने चालता चालता मस्टर उघडलं आणि सर्वात पुढे कोण आहे ते पाहिलं. तिने पदराने डोळे पुसले, पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं आणि पहिल्या ओळीत नाव लिहिलं.

"मगदूम हिंदुराव बापू!" तिने मोठ्याने पुकारलं.

ते पुढे हातभर अंतरावर होते. मागे न बघता त्यांनी हात वर केला. नऊ वर्षं त्यांनी हा शब्द फक्त ऐकला होता.

"हजर," ते म्हणाले.

"क्रमांक दोनवर माझी नोंद व्हावी," बाई म्हणाली. तिने लगेच वेग थोडा कमी केला. तिच्या पाठीला बरं वाटलं असावं.

शालनने वर्दी फोनवरून ऑफिसला कळवली. सूर्यवंशी साहेबांनी नाव दोनदा विचारून घेतलं, कलम दोन काढून वाचलं आणि शेळीची जुनी फाईल मागवली. तिकडे कसलीशी बैठक चालू असावी, कारण मागून पाच-सहा जण एकदम म्हणाले, मंजूर.

दुपारभर ते ज्वारीच्या पाटांमधून चालले. शालन मधून मधून म्हणे, जरा दमानं, आणि हिंदुराव म्हणत, दमानंच चालतोय. पाचची हजेरी झाली. शालनने मस्टर मिटलं. हिंदुरावांनी सवयीने खिशातून फोन काढला, किल्ली बाजूला सारली आणि नंबर लावला. मागे हातभर अंतरावर शालनच्या पिशवीत फोन वाजला. तिने तो काढून कानाला लावला.

"आज कुठं?" तिने विचारलं.

रस्त्याकडेला काळेगावची पाटी होती. हिंदुरावांनी ती वाचून सांगितली. शालनही तेव्हा त्याच पाटीपाशी पोचली होती. तिने मस्टरच्या मागच्या पानावर गावाचं नाव लिहून घेतलं, आणि मग दोघं हौदाबद्दल बोलत पुढे गेली.